परवानगीशिवाय जीपीएस लावून पाळत ठेवली, तर नुकसानभरपाई कुठे आणि कशी मागायची?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

चोरून पाळत ठेवण्याचा विषय निघाला की चर्चा थेट पोलीस स्टेशनात जाऊन थांबते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलागाचा गुन्हा, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. ते हवंच. पण त्या कलमात करणारा पुरुष आणि सोसणारी स्त्रीच असावी लागते. भागीदाराने भागीदारावर, भावाने भावावर, सासूने सुनेवर, मालकाने कामगारावर नजर ठेवली तर ते कलम लागत नाही. आणि शिक्षा झाली तरी जिच्यावर पाळत होती तिचं झालेलं नुकसान कोण भरून देणार? घर बदलावं लागतं, फोन बदलावा लागतो, रजा पडतात, समुपदेशकाची फी भरावी लागते.

तीन प्रसंग धरून चालू:

अ) गाडीच्या बंपरमागे चुंबकाने चिकटवलेला ट्रॅकर.
आ) फोनमध्ये लपवलेलं अ‍ॅप, किंवा फोन हातात घेऊन गुपचूप चालू करून ठेवलेलं लोकेशन शेअरिंग.
इ) कंपनीच्या हजेरी अ‍ॅपमधून ड्युटी संपल्यावरही घेतलं जाणारं लोकेशन.

या तिन्हींत दिवाणी मार्गाने भरपाई मागता येते का, कुठे मागायची, आणि पुरावा काय लागतो? जाणकारांनी कृपया कलमांसकट लिहा.

१. कागदोपत्री

मागता येते, पण तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत आणि चुकीचं दार ठोठावलं तर वर्ष-दोन वर्षं फुकट जातात. आपल्याकडे 'विनासंमती ट्रॅकिंग' या नावाचा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: पाळत ठेवणारा तुमच्या उपकरणात शिरला, की स्वतःचं उपकरण तुमच्या वस्तूला चिकटवून गेला?

शिरला असेल, म्हणजे प्रसंग आ, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३. उपकरणाच्या मालकाच्या किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणं, माहिती उतरवून घेणं, घातक प्रोग्रॅम घालणं, या प्रत्येकासाठी बाधित व्यक्तीला भरपाई आहे. कायद्याच्या व्याख्येत मोबाइल फोन हा 'संगणक'च. ५ कोटी रुपयांपर्यंतचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही, तो कलम ४६ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातो. महाराष्ट्रात राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम बघतात, पत्ता मंत्रालय. कलम ६१ दिवाणी न्यायालयाला अशा दाव्यात स्पष्ट मज्जाव करतं. फोनमधल्या अ‍ॅपसाठी कोणी तालुका कोर्टात दावा टाकला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलम ६१ पुढे करणार.

चिकटवून गेला असेल, म्हणजे प्रसंग अ, तर तुमच्या संगणकात कोणी शिरलेलंच नाही. कलम ४३ तिथे ओढून-ताणून आणावं लागतं. तिथे साधा दिवाणी दावा, खासगीपणाच्या भंगाचं अपकृत्य (ज्याची दिवाणी भरपाई मागता येते असं चुकीचं कृत्य) म्हणून. आधार १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू निकाल, ज्याला लोक 'ऑटो शंकर प्रकरण' म्हणून ओळखतात. खासगीपणावर बेकायदा आक्रमण झालं तर भरपाईचा दावा करता येतो, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्यावर खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायमूर्तींचा. आणि ३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने म्हटलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीवित आणि स्वातंत्र्याचा) हक्क सरकारव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतो.

प्रसंग इ वर नंतर लिहितो, तो लांबेल.

२. पाचवा_गिअर

कायद्याचं कागदोपत्रींनी सांगितलंच. पण दावा उभा राहणार की नाही, ते ट्रॅकर सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात ठरतं, म्हणून गाडीच्या बाजूने लिहितो.

सिमवर चालणारे ट्रॅकर दोन जातींचे. एक चुंबकी डबी: आत बॅटरी आणि सिम. ही चाकाच्या वरच्या प्लास्टिकमागे, मागच्या बंपरच्या पोकळीत, टो हूकजवळ किंवा चॅसिसच्या आडव्या पट्टीवर असते. बॅटरी संपते म्हणून लावणाऱ्याला ती काढायला किंवा बदलायला पुन्हा गाडीजवळ यावंच लागतं. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज म्हणूनच लगेच मागून ठेवा, बहुतेक ठिकाणी ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.

दुसरी जात वायरिंगला जोडलेली. लाल वायर बॅटरीच्या कायम प्लसला, काळी अर्थला, तिसरी इग्निशनला. ही डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सच्या मागे, स्टिअरिंग कॉलमच्या कव्हरमध्ये मिळते. काहींना आणखी एक वायर असते, ती रिलेतून फ्यूएल पंपाकडे जाते. म्हणजे समोरचा नुसती गाडी बघत नाही, लांबून इंजिनही बंद करू शकतो. तसं दिसलं तर गाडी चालवू नका, टोइंग करून न्या. याशिवाय ओबीडी पोर्टात, म्हणजे गॅरेजवाले तपासणी यंत्र जोडतात त्या खाचेत, खोचायचे ट्रॅकर असतात. स्टिअरिंगखाली हात घालून पोर्ट रिकामा आहे का ते बघायला दहा सेकंदही लागत नाहीत.

आता काय करू नये ते.

वायर तोडू नका. बहुतेक ट्रॅकर पॉवर तुटल्याचा अलार्म लगेच मालकाच्या फोनवर पाठवतात. चुंबकी डबी उचलली तरी हलल्याचा अलार्म जाऊ शकतो. अलार्म गेला की समोरचा अ‍ॅपमधला सगळा इतिहास पुसून मोकळा होतो.

आतलं सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालून बघू नका. उत्सुकतेपोटी लोक हेच करतात आणि पुरावा बिघडवतात.

डबी जिथे आहे तिथेच, गाडीचा नंबर आणि आजूबाजूची जागा दिसेल असे फोटो आणि न थांबवता एकच सलग व्हिडिओ घ्या. स्टिकरवरचा १५ आकडी आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) वाचता येत असेल तर तोही. सिमवर १९ किंवा २० आकड्यांचा क्रमांक छापलेला असतो, भारतीय सिमचा ८९९१ ने सुरू होतो. मग पोलिसांना बोलावून पंचनाम्यात ती काढा.

३. मधली_सुट्टी

पंचनाम्याचा मुद्दा अगदी बरोबर. पण पोलीस म्हणाले की हा दखलपात्र गुन्हा नाही, एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, तर?

४. पाचवा_गिअर

@मधली_सुट्टी, एनसी घ्या, नाही म्हणू नका. त्यावर तारीख, वेळ, वस्तूचं वर्णन, आयएमईआय लिहून घ्या. पोलिसांनी डबी ताब्यात घेतली नाही तर गॅरेजवाला आणि आणखी एक असंबंधित माणूस यांच्यासमोर काढा, दोघांच्या सह्यांसकट टिपण करा. डबी अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून पाकिटात सीलबंद करा आणि सीलवर सह्या घ्या. फॉइलमुळे सिग्नल जात नाही, पण आतल्या मेमरीत नोंद असेल तर ती राहते.

५. कंदील

अ‍ॅपलच्या एअरटॅगसारख्या, वस्तू हरवू नये म्हणून लावायच्या टॅगबद्दल भर घालते. यांचं तंत्र वेगळं. यांना ना जीपीएस ना सिम, आजूबाजूच्या लोकांच्या फोनच्या ब्लूटूथवर ते चालतात. मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि गूगल यांनी एकत्र केलेला इशारा दोन्हीकडे चालतो, आयओएस १७.५ पासून पुढे आणि अँड्रॉइड ६ पासून पुढे. 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतो आहे' असा संदेश येतो. तो आला की आधी स्क्रीनशॉट काढा, नकाशावरच्या मार्गासकट. एअरटॅग असेल तर त्याची पांढरी बाजू फोनला टेकवा. जे पान उघडतं त्यावर सिरियल नंबर आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात. मगच बॅटरी काढा.

एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. पाचवा_गिअर यांनी सांगितलेल्या सिमवाल्या डबीसाठी असा कुठलाही इशारा येत नाही. फोन गप्प आहे म्हणजे गाडी स्वच्छ आहे असं समजू नका.

फोनमधल्या अ‍ॅपबद्दल: फॅक्टरी रीसेट करू नका. भीतीपोटी सगळे पहिल्यांदा तेच करतात आणि कलम ४३ चा पुरावा स्वतःच्याच हाताने संपवतात. दुसऱ्या फोनने या फोनच्या स्क्रीनचे फोटो घ्या: डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्सची यादी, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी कोणाला आहे ती यादी, प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं आहे का, गूगल मॅप्समध्ये लोकेशन कोणाला शेअर होतंय, गूगल खात्यात 'तुमची उपकरणं', व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'. आयफोनवर 'सेफ्टी चेक'. पण त्यातलं सगळं एका झटक्यात थांबवणारं बटण फोटो घेईपर्यंत दाबू नका. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्या माहितीची जशीच्या तशी प्रत, काढायला द्या.

६. तिठा

माझं मत स्पष्ट सांगतो. दिवाणी दावा ही या देशात थट्टा आहे. दहा वर्षांनी निकाल, हातात दहा हजार. २०११ साली आपल्याच राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने नवरा-बायकोच्या प्रकरणात काय केलं? सुनेने नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या ईमेल खात्यांत परवानगीशिवाय प्रवेश केला हे मान्य केलं आणि १०० रुपये भरायला लावले. शंभर!

७. कागदोपत्री

@तिठा, तो निकाल पूर्ण वाचा, त्यातच पुढचा रस्ता आहे. प्रवेश बेकायदा ठरला. जुना पासवर्ड माहीत होता, घरातलंच माणूस होतं, हे बचाव चालले नाहीत. भरपाई मिळाली नाही कारण मिळवलेली माहिती तिने फक्त पोलिसांना आणि न्यायालयाला दिली होती. म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४७ चा प्रश्न. रक्कम ठरवताना तीनच गोष्टी बघायच्या असतात: करणाऱ्याला किती गैरलाभ झाला, सोसणाऱ्याचं किती नुकसान झालं, आणि प्रकार किती वेळा घडला.

म्हणून अर्जात 'मानसिक त्रास, रुपये २५ लाख' एवढं एका ओळीत लिहिणारे हरतात. ट्रॅकर शोधायला दिलेलं गॅरेजचं बिल, फोनची प्रतिमा काढल्याचं बिल, नवीन फोन, घर बदलल्याचा टेम्पो आणि दलाली, डिपॉझिटमधली कपात, बिनपगारी रजांच्या पगारपत्रिका, समुपदेशनाच्या पावत्या, गाडी न वापरता केलेल्या रिक्षा-टॅक्सीची बिलं. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक. अ‍ॅपमध्ये किती दिवस किती वेळा लोकेशन पाहिलं ती नोंद मिळाली तर 'किती वेळा' या तिसऱ्या कसोटीसाठी ती फार मोलाची.

खर्चाचंही लिहितो, कारण लोक त्याला घाबरतात. त्याच कायद्याखालच्या २००३ च्या नियमांप्रमाणे फी दाव्याच्या रकमेवर आहे. एक लाखाच्या वरच्या दाव्याला ५,००० रुपये अधिक एक लाखाच्या वरच्या रकमेवर २ टक्के. म्हणजे ५ लाखांच्या दाव्याला ५,००० + ८,००० = १३,००० रुपये, शिवाय अर्जाचे ५०. नियमांत चार महिन्यांत सुनावणी आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त लागतो, पण दहा वर्षं नव्हे. अपील दिल्लीच्या टीडीसॅट या अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत, तिथून उच्च न्यायालयात ६० दिवसांत. आणि एक गोष्ट दिवाणी दाव्यापेक्षा सरस: भरपाई भरली नाही तर कलम ६४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दरखास्त घेऊन बेलिफाच्या मागे फिरावं लागत नाही.

८. रानजाई

महसुलाच्या थकबाकीचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

९. मुळशीकर

पण गाडी नवऱ्याच्याच नावावर असेल तर? आरसी त्याच्या नावावर, हप्ते तो भरतो, ट्रॅकर त्याने स्वतःच्या गाडीला लावला. फायनान्स कंपन्याही लावतात. टॅक्सी आणि बसला तर एआयएस १४० या वाहन मानकाप्रमाणे ट्रॅकर सक्तीचाच आहे. मग हे बेकायदा कसं?

१०. कागदोपत्री

@मुळशीकर, तीन गोष्टी तुम्ही एका माळेत ओवल्यात. एआयएस १४० सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी आहे, तिथे ट्रॅकिंग कायद्यानेच आहे, गुपचूप नाही. फायनान्स कंपनीचा ट्रॅकर कर्जाच्या करारातल्या कलमावर उभा असतो. ते कलम नसेल, किंवा करारात फक्त 'जप्तीसाठी' लिहिलं असून रोजचं फिरणं तिसऱ्याला कळवलं गेलं, तर तिथेही दावा उभा राहतो.

राहिला नवरा. मालकी त्याची, पण ताबा आणि वापर बायकोचा. वस्तूला हात लावल्याच्या अपकृत्यात मालकीचा बचाव त्याला चांगला मिळतो, हे मान्य. खासगीपणाच्या दाव्यात मात्र विचारलं जातं की बघितलं कोणाला, गाडीला की माणसाला. रोज रात्री 'दुपारी अडीचला तू अमुक ठिकाणी काय करत होतीस' असे मेसेज गेले असतील तर गाडी चोरीला जाऊ नये म्हणून ट्रॅकर लावला हे म्हणणं टिकायचं नाही. ते मेसेज जपून ठेवा.

११. सातासमुद्रा

मालकीच्या मुद्द्यावर कॅलिफोर्नियातलं सांगतो, इथल्या मराठी मंडळींना हा प्रश्न वारंवार पडतो. दंड संहितेचं कलम ६३७.७: वाहनाला किंवा कुठल्याही हलत्या वस्तूला ट्रॅकर लावून माणसाचा ठावठिकाणा काढणं गुन्हा. पण वाहनाच्या नोंदणीकृत मालकाने, किंवा ते भाड्याने देणाऱ्या-घेणाऱ्याने, त्या वाहनापुरती संमती दिली असेल तर हे कलम लागत नाही. म्हणून जोडप्याची गाडी दोघांच्या नावावर असते तिथे वाद तिथेच अडकतो. पर्समध्ये किंवा लॅपटॉपच्या बॅगेत टाकलेल्या टॅगला मात्र हा वाहनाचा अपवाद मिळत नाही.

दिवाणी बाजू कलम ६३७.२ मध्ये: प्रत्येक भंगामागे ५,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसानीच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते. आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची अटच नाही. वर कागदोपत्रींनी बिलांची जी यादी दिली, ती इथे नसली तरी किमान रक्कम मिळते. भारतात अशी किमान रक्कम कायद्यात लिहिली गेली तर निम्मे वाद दाव्यापर्यंत न जाता तडजोडीत मिटतील, असं माझं ठाम मत आहे.

१२. कंदील

इंग्लंडमध्ये १९९७ चा छळविरोधी कायदा आहे, त्याच्या कलम ३ खाली थेट दिवाणी दावा. चिंतेपोटी झालेल्या त्रासाचीही भरपाई तिथे कायद्याने मान्य आहे. पण एकच कृती पुरत नाही, वर्तनाची मालिका दाखवावी लागते, म्हणजे किमान दोन प्रसंग.

१३. ओवी_ताई

घरातल्या प्रकरणांत तुम्ही सगळे सर्वांत जवळचं दार विसरताय. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे. गाडी कोणाच्या नावावर, फोन कोणी घेऊन दिला, हे तिथे कोणी विचारत नाही. पाळत ठेवणं हा भावनिक छळ आहे आणि तो कलम ३ मध्ये बसतो. कलम १८ खाली संरक्षण आदेश: ट्रॅकर काढ, खात्यांचे पासवर्ड परत कर, पुन्हा लावू नकोस. कलम २० खाली कमाईचं नुकसान आणि औषधोपचाराचा खर्च. कलम २२ खाली मानसिक यातनेची भरपाई वेगळी. कलम २३ खाली हे सगळं अंतरिमसुद्धा मागता येतं. आदेश मोडला तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पानगळ ताई, तुमच्या 'सासूने सुनेवर' या उदाहरणाला इथे उत्तर आहे. या कायद्यात प्रतिवादी प्रौढ पुरुषच हवा असं आधी होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. सासू, नणंद, जाऊ, सगळ्या प्रतिवादी होऊ शकतात.

आणि ही भरपाई घेतली म्हणजे दिवाणी दावा बुडाला असंही नाही. कलम १२ मध्येच लिहिलं आहे की दावा वेगळा करता येतो, फक्त इथे मिळालेली रक्कम तिथल्या हुकूमनाम्यातून वजा होते. अर्ज करताना संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल भरून घ्या आणि त्यात ट्रॅकरचा आयएमईआय नक्की लिहायला लावा. 'जीपीएस लावले' एवढं मोघम लिहू देऊ नका.

१४. मधली_सुट्टी

पण १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात चालतं म्हटलं ना? मग नवरा ट्रॅकरचा नकाशा घटस्फोटात दाखल करणार आणि वर म्हणणार की न्यायालयानेच परवानगी दिली.

१५. कागदोपत्री

हा गोंधळ खूप जणांचा होतो. पुरावा दाखल होणं वेगळं आणि तो मिळवताना केलेल्या अपकृत्याची जबाबदारी वेगळी. तो निकाल नवरा-बायकोच्या आपसातल्या संभाषणाच्या विशेषाधिकाराबद्दल, म्हणजे ते न्यायालयात उघड न करण्याच्या संरक्षणाबद्दल, आहे. चोरून मिळवलेल्या पुराव्यावर खटला जिंकलेल्या माणसाला त्याच चोरीबद्दल भरपाई द्यावी लागू शकते.

दुसऱ्या बाजूचे निकालही हाताशी ठेवा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नवऱ्याच्या मागणीवरून तिसऱ्या माणसाचं टॉवर लोकेशन मागवण्याचा कुटुंब न्यायालयाचा आदेश रद्द केला. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅपवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहावं ही अटच काढली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना अशी नजर ठेवता येत नसेल, तर खासगी माणसाला कुठून येईल? दाव्यातला युक्तिवाद इथून सुरू करावा.

१६. खडूफळा

दावा कुठे दाखल करायचा? ट्रॅकर लावला ठाण्यात, लावणारा राहतो कोल्हापुरात, गाडी फिरते मुंबईत.

१७. कागदोपत्री

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९. व्यक्तीला किंवा जंगम वस्तूला इजा जिथे झाली तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे. निवड वादीची. म्हणजे कोल्हापूरला जायची सक्ती नाही. मुदत तीन वर्षं, मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद ११३. पाळत चालू असेपर्यंत ते सतत चालणारं अपकृत्य आहे, त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मुदत रोज नव्याने सुरू होते. पण काढल्यानंतर दिवस मोजायला लागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक जण घसरतात: वकिलाची नोटीस आधी पाठवू नका. नोटीस मिळाली त्या रात्री समोरच्याचं अ‍ॅप खात्यासकट डिलीट होतं. आधी दावा, त्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम १ आणि २ खाली मनाई, आणि नियम ७ खाली प्रतिवादीच्या फोनमधली व सर्व्हरवरची नोंद जतन करण्याचा व तपासणीचा अर्ज. ऑर्डर २६ नियम १०-अ खाली तांत्रिक तपासणीसाठी आयुक्त मागा. प्रतिवादीला न ऐकता आदेश हवा असेल तर 'नोटीस दिल्यास पुरावा पुसला जाईल' हे शपथपत्रात कारणासकट लिहा. न्यायालयाला ते कारण नोंदवावंच लागतं. आदेश मिळाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कागद समोरच्याला पाठवल्याचं शपथपत्र द्या. ते राहिलं म्हणून मिळालेला आदेश उठतो.

लावणारा कोण हेच माहीत नसेल तर आयएमईआय आणि सिमचा क्रमांक कामाला येतो. मोबाइल कंपनी तुम्हाला नाव देणार नाही. पोलिसांनी मागितलं, किंवा न्यायालयाने ऑर्डर १६ नियम ६ खाली कागद मागवला, तर देते. कॉल आणि डेटाच्या नोंदी किमान दोन वर्षं जपण्याचं बंधन त्यांच्यावर आहे. त्याआधी हालचाल करा.

१८. पाचवा_गिअर

सिमबद्दल एक बारकावा. ट्रॅकर विकणाऱ्या कंपन्या डब्यात १३ आकडी एम-टू-एम (यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठीचं) सिम घालून देतात. त्या सिमचा ग्राहक म्हणून ट्रॅकर कंपनीचंच नाव येतं, लावणाऱ्याचं नाही. तिथे थांबू नका. आयएमईआय कोणाच्या अ‍ॅप खात्याला जोडला, रिचार्ज कुठल्या यूपीआयवरून झाला, हे त्या कंपनीकडून मागवायला लागतं. समन्समध्ये दोन्ही कंपन्यांची नावं आधीच घाला.

१९. जास्वंद_२

स्क्रीनशॉट कोर्टात चालतात का? पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतं असं ऐकलं आहे.

२०. कंदील

१ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ झालं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावं लागतं, एसएचए २५६ पद्धतीने घेतलेलं बरं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून वकिलाला पाठवू नका. फाइल दाबली जाते, हॅश बदलतं, आणि उलटतपासात त्यावरच बोट ठेवलं जातं. मूळ फाइल केबलने कॉपी करून द्या.

मूळ फोनच न्यायालयात हजर करून मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सांगितलं, जालन्याच्या निवडणुकीच्या वादात. म्हणून तो जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. चार्ज करून, बंद करून, कपाटात ठेवा.

२१. तिठा

माझं आधीचं मत थोडं मागे घेतो. मनाई हुकूम आणि पुरावा जतन, एवढं जरी पहिल्या महिन्यात मिळालं तरी दावा करण्यात अर्थ आहे. भरपाईची रक्कम मात्र कमीच मिळते, यावर मी ठाम आहे.

गुप्तहेर संस्थांचं काय? लग्नाआधीच्या चौकशीत ट्रॅकर लावतात ते.

२२. ओवी_ताई

त्यांना वेगळा परवाना देणारा कायदाच देशात नाही. २००७ चं विधेयक मंजूर झालं नाही. म्हणजे पाळत ठेवण्याचा विशेष अधिकारही त्यांना कुठून मिळालेला नाही. दाव्यात संस्था आणि तिला काम देणारा, दोघेही संयुक्त प्रतिवादी करा. पैसे वसूल व्हायची शक्यता वाढते आणि दोघांपैकी एक दुसऱ्याविरुद्ध बोलायला लागतो.

२३. मस्टर

प्रसंग इ राहिला, तो मी घेतो. कर्मचाऱ्यांच्या लोकेशनचा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला म्हणून बरेच जण आशेवर आहेत. त्यांनी तीन गोष्टी वाचाव्यात. एक, कलम ७ मध्ये 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय डेटा वापरायला मुभा आहे. दोन, दंड २५० कोटींपर्यंत असला तरी तो भारताच्या संचित निधीत जातो, कामगाराच्या हातात एक रुपया पडत नाही. तीन, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय घरगुती वापर या कायद्याबाहेर आहे, म्हणजे प्रसंग अ आणि आ मध्ये नवरा-बायको, भाऊ-भाऊ यांना तो लागतच नाही.

म्हणून भरपाईसाठी पुन्हा जुनीच वाट. 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' हे शब्द ड्युटीच्या तासांपुरते आहेत, रात्री साडेदहाचं लोकेशन त्यात येत नाही, हा मुद्दा पकडायचा. नियुक्तीपत्र, अ‍ॅपचं धोरण आणि अ‍ॅपला दिलेली परवानगी या तिन्हींचे फोटो घ्या. अँड्रॉइडवर परवानगी 'फक्त अ‍ॅप वापरताना' आहे की 'नेहमी' ते बघा. फोन स्वतःचा असेल आणि अ‍ॅपने सांगितल्यापेक्षा जास्त उचललं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ लागतं. कंपनीचा फोन असेल तर अवघड. तिथे युनियनमार्फत सेवाशर्तीचा वाद म्हणून नेलेलं बरं.

मालक महापालिका किंवा सरकारी संस्था असेल तर रस्ता सोपा होतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळं बांधली तेव्हा हाच प्रश्न होता. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात थेट याचिका करता येते. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्याकडून याचिकेतच भरपाई मिळू शकते, हे निलाबती बेहेरा निकालाने १९९३ पासून ठरलेलं आहे.

२४. रानजाई

विस्मरण होणाऱ्या आईवडिलांच्या गळ्यात टॅग घातला तर तोही दाव्याचा विषय का?

२५. ओवी_ताई

@रानजाई, समजण्याची शक्ती असेपर्यंत त्यांना विचारा आणि होकार लिहून घ्या, डॉक्टरांच्या कागदावर नोंद असली तर फारच चांगलं. टॅग उघड दिसेल असा घाला, कपड्याच्या शिवणीत लपवू नका. आणि लोकेशन बघण्याचा अधिकार काळजी घेणाऱ्या एक-दोघांनाच द्या. संपत्तीचा वाद असलेल्या घरात हाच टॅग एखादा भाऊ 'आई वकिलाकडे गेली का' हे बघायला वापरतो. असं झालं की दिलेला होकार त्या वापराला लागू होत नाही.

२६. पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. प्रसंग अ दिवाणी न्यायालयात, घरातला असेल तर दंडाधिकाऱ्यापुढेही; आ मंत्रालयात; इ फोन कोणाचा आणि मालक कोण यावर. पण एकाच माणसाने गाडीला डबीही लावली आणि फोनमध्ये अ‍ॅपही घातलं, तर? एकाच दाव्यात दोन्ही मागितलं तर कलम ६१ आडवं येईल ना?

२७. कागदोपत्री

येईल. दोन अर्ज करा. अ‍ॅपची भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. डबीची भरपाई आणि पुढच्या काळासाठीची मनाई दिवाणी न्यायालयात. दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा उल्लेख क्रमांकासकट करा, लपवलं असं दिसता कामा नये. खर्चाची बिलं मात्र वाटून घ्या: फोनची प्रतिमा काढल्याचं बिल मंत्रालयात, गॅरेजचं बिल दिवाणी न्यायालयात. घर बदलल्याचा खर्च दोन्हीकडे लावू नका. एकाच टेम्पोची पावती दोन ठिकाणी दिसली की दोन्हीकडे तुमच्या बाकीच्या पावत्यांवरही संशय घेतला जातो.